घरचा पंच

शनिवार होता. शाळा लवकर सुटली होती. फाटकाबाहेर आठवीतली चार-पाच मुले एका मोबाइलभोवती घोळका करून उभी होती. मला पाहताच त्यांतला एक जण आनंदाने म्हणाला, "सर, ब्याऐंशी टक्के!"

मला वाटले, घटक चाचणीचा निकाल लागला. मी त्याची पाठ थोपटली. तेव्हा बाकीची मुले हसू लागली. ते टक्के त्या मुलाचे नव्हतेच. एका इंग्रजी सिनेमाचे होते. ईदच्या सुट्टीत तो सिनेमा पाहायचा की नाही, हे ही मंडळी ठरवत होती.

"हे टक्के दिले कोणी?" मी विचारले.

"मोबाइलने, सर."

"मोबाइल सिनेमा बघतो का?"

पुन्हा सगळे हसले. पण उत्तर कोणाकडे नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी माझ्याकडेही नव्हते. म्हणून मी घरी जाऊन थोडे वाचन केले. जे कळले ते तुम्हांला सांगतो, आणि त्यावरचे माझे मतही सांगतो. ते तुम्हांला पटलेच पाहिजे, असे नाही.

नवा चित्रपट आला की वर्तमानपत्रांत त्याच्याविषयी लिहून येते. कथा कशी आहे, अभिनय कसा आहे, पैसे खर्च करून पाहावा असा आहे का, हे जाणकार माणूस सांगतो. मराठीत याला परीक्षण किंवा समीक्षा म्हणतात. तुम्ही उर्दूत तब्सिरा म्हणता. पूर्वी आपण एका वर्तमानपत्रातले एक परीक्षण वाचत होतो. आता इंटरनेटवर शेकडो परीक्षणे असतात. ती सगळी वाचायला वेळ कोणाला? म्हणून काही संकेतस्थळे ती गोळा करतात आणि त्यांचा एक आकडा काढून आपल्यापुढे ठेवतात.

यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे रॉटन टोमॅटोज. याचा अर्थ सडके टोमॅटो. जुन्या काळी युरोप-अमेरिकेत नाटक आवडले नाही तर प्रेक्षक नटांवर सडके टोमॅटो फेकत, त्यावरून हे नाव पडले. (आपल्याकडे अंडी फेकत. चपलाही फेकत.) १९९८ च्या ऑगस्ट महिन्यात सेन्ह डुओंग या तरुणाने हे संकेतस्थळ सुरू केले. तो कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचा विद्यार्थी होता. जॅकी चॅनच्या मारामारीच्या सिनेमांचा त्याला मोठा शौक. आपल्या आवडत्या नटाच्या चित्रपटांविषयी कोण काय लिहितो, हे एका जागी वाचायला मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती. पुढे त्याचे दोन मित्र त्याला येऊन मिळाले. त्या वेळी या उद्योगात कोणाचा स्वार्थ नव्हता.

आता हा टक्का निघतो कसा, ते पाहू. संकेतस्थळ प्रत्येक समीक्षकाच्या लेखाचे दोनच प्रकार करते: आवडला किंवा नाही आवडला. आवडला तर ताजा टोमॅटो, नाही आवडला तर सडका. शंभरातल्या किती जणांना चित्रपट आवडला, तो त्याचा टक्का. साठ किंवा त्याहून जास्त टक्के मिळाले की चित्रपट ताजा ठरतो. साठाच्या खाली गेला की सडका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मोठी माणसेही इथे फसतात. समजा, दहा पाहुण्यांना बिर्याणी वाढली. दहाही जण म्हणाले, "ठीक आहे." दहाही जणांनी ती सोडून दिली नाही, म्हणून बिर्याणीला शंभर टक्के मिळाले! दुसऱ्या घरी दहा पाहुणे बसले. सात जण म्हणाले, "अशी बिर्याणी आयुष्यात खाल्ली नाही." तिघे म्हणाले, "तिखट झाली, आम्हांला चालत नाही." या बिर्याणीला सत्तर टक्के. सांगा, तुम्ही कोणत्या घरी जेवायला जाल? मी तर सत्तर टक्केवाल्या घरी जाईन. म्हणजे हा टक्का परीक्षेतल्या गुणांसारखा नाही. ब्याऐंशी टक्के म्हणजे शंभरापैकी ब्याऐंशी गुण नव्हेत. फक्त ब्याऐंशी हात वर झाले, एवढाच त्याचा अर्थ. हात किती उत्साहाने वर झाले, ते त्यात दिसत नाही.

ही झाली हिशेबाची गोष्ट. माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. हात मोजणारा माणूस कोणाच्या नोकरीत आहे?

अमेरिकेत मोठे चित्रपट बनवणाऱ्या आणि ते जगभर पोहोचवणाऱ्या कंपन्यांना स्टुडिओ म्हणतात. वॉर्नर ब्रदर्स, युनिव्हर्सल, डिस्नी, सोनी ही नावे तुम्ही पडद्यावर पाहिली असतील. तीन विद्यार्थ्यांनी चालवलेले हे संकेतस्थळ २००४ मध्ये आयजीएन नावाच्या कंपनीने विकत घेतले. २००५ मध्ये त्या कंपनीलाच न्यूज कॉर्प या समूहाने घेतले, आणि ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स हा स्टुडिओ तेव्हा याच समूहाचा होता. २०१० मध्ये ते फ्लिक्स्टरकडे गेले. २०११ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने फ्लिक्स्टर विकत घेतली, तिच्याबरोबर टोमॅटोही आले. २०१६ मध्ये फँडँगो नावाच्या कंपनीने दोन्ही घेतले. वॉर्नरने मात्र एक लहान हिस्सा आपल्याकडे ठेवला. फँडँगो काय करते? ती अमेरिकेत सिनेमाची तिकिटे विकते. आणि तिचा मालक तेव्हा कॉमकास्ट हा समूह होता. युनिव्हर्सल स्टुडिओही त्याच समूहाचा.

पाहा, किती गंमत आहे! चित्रपट बनवणारा तोच, तिकीट विकणारा तोच, आणि "हा चित्रपट चांगला आहे" असे सांगणाऱ्याचा पगार देणाराही तोच.

हे वाचून माझे पहिले मत असे झाले, की सगळे खोटे आहे, मुलांना उद्याच सांगून टाकावे. पण रागाच्या भरात मत बनवू नये. मी आणखी वाचले, तेव्हा मला माझे मत बदलावे लागले. २०११ च्या जूनमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ग्रीन लँटर्न हा चित्रपट आला. त्याच्या महिनाभर आधीच वॉर्नरने हे संकेतस्थळ घेतले होते. मालकाचा चित्रपट, मोठ्या खर्चाचा. तरीही त्याला तीस टक्क्यांपेक्षा कमी मिळाले. २०१९ च्या डिसेंबरात युनिव्हर्सलचा कॅट्स आला. तेव्हा संकेतस्थळ युनिव्हर्सलच्याच घरात होते. त्या चित्रपटाला वीस टक्क्यांच्या आसपास मिळाले, आणि जगभर त्याची थट्टा झाली. मालकाने आकडा वाढवून घेतला असता, तर या दोन्ही चित्रपटांसाठी नक्की घेतला असता.

म्हणजे बेरीज-भागाकारात लबाडी झाल्याचे दिसत नाही. होणे सोपेही नाही. समीक्षकांचे लेख सर्वांसमोर असतात; कोणीही बोटे मोजून पडताळून पाहू शकतो.

मग प्रश्न मिटला का? मला तसे वाटत नाही. क्रिकेटची एक गोष्ट सांगतो.

१९८६ च्या नोव्हेंबर महिन्यात लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यात कसोटी सामना झाला. त्या काळी ज्या देशात सामना, त्याच देशाचे दोन्ही पंच, असा रिवाज होता. या सामन्यात मात्र पंच म्हणून भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर उभे होते. पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांनी त्रयस्थ पंचांचा आग्रह धरला होता. त्रयस्थ म्हणजे दोन्ही बाजूंचा नसलेला, तिसरा. पाकिस्तान तो सामना एक डाव राखून हरला. पण इम्रान खान यांचे म्हणणे योग्यच होते. घरचे पंच बेइमान असतात, असे कोणी म्हणत नव्हते. त्यांतले अनेक जण अत्यंत सचोटीचे होते. पण घरचा पंच खरा निर्णय देतो तेव्हाही पाहुणा संघ कुरकुर करतो. बिचाऱ्याची सचोटी त्याच्या काहीच कामी येत नाही. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच त्रयस्थ देशाचा, आणि २००२ पासून दोन्ही पंच तसे, असा नियमच झाला.

रॉटन टोमॅटोजची अवस्था त्या घरच्या पंचासारखी आहे. २०१७ चा एक प्रसंग पाहा. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला, शुक्रवारी, वॉर्नर ब्रदर्सचा जस्टिस लीग प्रदर्शित होणार होता. समीक्षकांचे लेख बुधवारीच छापून आले. त्यांतले बरेच नाराजीचे होते. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे टक्काही त्याच वेळी दिसायला हवा होता. पण या वेळी संकेतस्थळाने तो झाकून ठेवला. आमच्या नव्या कार्यक्रमात तो प्रथम जाहीर करायचा आहे, असे कारण सांगितले. गुरुवारी टक्का उघड झाला तेव्हा तो साठाच्या बराच खाली, चाळीसच्या आसपास होता.

एका दिवसाने असे काय बिघडते? पुष्कळ बिघडते. मोठ्या चित्रपटाची कमाई पहिल्या शुक्रवार ते रविवारात सर्वांत जास्त होते, आणि त्याची तिकिटे लोक आधीच काढून ठेवतात. त्या दिवसांत तोंडावर कडू शब्द न येणे म्हणजे स्टुडिओला मोठाच दिलासा. आता वॉर्नरने सांगून हे केले की नाही? याला पुरावा नाही. संकेतस्थळाचे कारण खरेही असेल. पण वॉर्नरचा त्यात हिस्सा होता, हे सर्वांना माहीत होते. लोकांनी शंका घेतलीच. दुसऱ्या कोणा त्रयस्थ माणसाने टक्का एक दिवस उशिरा सांगितला असता, तर एवढी चर्चा झाली नसती.

माझे म्हणणे मला याच प्रसंगातून स्पष्ट झाले. तराजूला हात न लावताही मालकाला बरेच काही करता येते. वजन कधी सांगायचे, मोठ्याने सांगायचे की हळू, तराजूपाशी कोणाला उभे करायचे, हे सगळे त्याच्या हाती असते. आपल्या बाजारातल्या वाण्याच्या तराजूवर निदान सरकारी वजनमापे खात्याचा शिक्का असतो, ठरावीक मुदतीने तपासणी होते. या तराजूची तपासणी कोण करणार?

तराजूपाशी कोणाला उभे करायचे, हा मुद्दा लहान नाही. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील व्हल्चर या नियतकालिकाने एक प्रकरण उघड केले. चित्रपटांची प्रसिद्धी करणारी एक संस्था छोट्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या समीक्षकांना एकेका लेखासाठी पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त देत होती. ऑफेलिया नावाच्या चित्रपटाला आधी ४६ टक्के होते, म्हणजे तो सडका होता. नंतर आणखी काही लेख आले, बहुतेक कौतुकाचे. टक्का ६२ वर गेला. साठाची रेघ ओलांडली आणि सडका टोमॅटो ताजा झाला! बातमी आल्यावर रॉटन टोमॅटोजने त्या संस्थेचे काही चित्रपट यादीतून काढून टाकले. इथे मालक स्टुडिओने काही केले नव्हते, हे लक्षात ठेवा. लबाडी बाहेरच्याची होती. पण शेकडो नावांच्या गर्दीत सात-आठ नावे मिसळून टाकली की आकडा हलतो, हे यातून दिसले. आकड्यात नावे दिसत नाहीत, म्हणूनच हे जमले.

कोणी म्हणेल, हे सगळे इंटरनेटने बिघडवले. नाही. २००१ मध्ये न्यूजवीक या साप्ताहिकाने सोनी स्टुडिओचा एक उद्योग जगापुढे आणला होता. सोनीच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुतीची वाक्ये छापली जात. अ नाइट्स टेल या चित्रपटातल्या नायकाचे कौतुक, द अ‍ॅनिमल या विनोदी चित्रपटाचेही कौतुक. हे गृहस्थ रिजफील्ड प्रेस या वर्तमानपत्रात लिहितात, असे खाली दिलेले असे. वर्तमानपत्र खरे होते, कनेक्टिकट राज्यातले एक लहानसे साप्ताहिक. पण डेव्हिड मॅनिंग नावाचा माणूसच नव्हता! सोनीच्या जाहिरात विभागाने तो कागदावर जन्माला घातला होता. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये सोनीने पंधरा लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि त्या जाहिरातींच्या काळात ते चित्रपट पाहिलेल्यांना तिकिटामागे पाच डॉलरपर्यंत परत मागता येतील असे ठरले.

म्हणजे मोह जुनाच आहे. फक्त पूर्वी एक खोटा समीक्षक बनवावा लागत होता. आता खऱ्या समीक्षकांची मोजणी करणारे दुकानच विकत घेता येते.

प्रेक्षकांच्या मतांचे काय? तेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या सुरुवातीला कॅप्टन मार्व्हल हा चित्रपट यायच्या आधीच काही लोकांनी ठरवून त्याच्याविरुद्ध मते नोंदवायला सुरुवात केली. चित्रपट पाहिलेला नाही आणि मत तयार! तेव्हा रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनापूर्वी मत देण्याची सोय बंद केली. त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मते वेगळी दाखवायला सुरुवात केली. निर्णय मला योग्यच वाटतो. मात्र ही खात्री सुरुवातीला कोणाच्या तिकिटावरून होत होती? फँडँगोच्या. चांगले काम आणि स्वतःचा धंदा, दोन्ही एका दगडात साधले. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननेही असेच केले. आपल्या प्राइम व्हिडिओवर प्रेक्षकांची मते ७२ तास थांबवून मग दाखवायची, असे ठरवले. खोडसाळ मते गाळण्यासाठी, असे कारण होते. ते पटण्यासारखेच आहे. पण त्या वर्षी अ‍ॅमेझॉनची स्वतःची अतिशय खर्चिक मालिका, द रिंग्ज ऑफ पॉवर, येत होती. त्या बहात्तर तासांत तिच्याविषयीची मतेही थांबलीच.

आपल्याकडेही थोडे पाहू. मुंबईत २००७ मध्ये सुरू झालेल्या बुकमायशोवरून तुमच्या घरी कोणी ना कोणी तिकीट काढले असेल. तिथे चित्रपटाच्या नावाखाली प्रेक्षकांनी दिलेले दहापैकी गुण दिसतात, आणि त्याच्याच खाली तिकीट काढायचे बटण. शिफारस आणि तिकीट खिडकी एकाच टेबलावर. तिथल्या गुणांत काही खोटे आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण ज्याच्या हातात तिकिटांची चळत आहे, त्याला "सिनेमा कसा आहे हो?" असे विचारताना आपण थोडे सावध असावे, इतकेच.

म्हणूनच पुढची बातमी वाचून मी फार खूश झालो नाही. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात कॉमकास्टने आपल्या काही दूरचित्रवाहिन्या, फँडँगो आणि रॉटन टोमॅटोज मिळून एक वेगळी कंपनी काढण्याचे जाहीर केले. व्हर्संट हे तिचे नाव. २०२६ च्या जानेवारीत ती वेगळी झालीही. युनिव्हर्सल स्टुडिओ कॉमकास्टकडेच राहिला. म्हणजे स्टुडिओ आणि टोमॅटो यांची घरे वेगळी झाली. हे बरे झाले. पण टोमॅटो अजून तिकीट विकणाऱ्याच्या घरातच आहेत, आणि एकेक तिकीट विकले गेले की त्या घराची कमाई होते.

तर त्या ब्याऐंशी टक्क्यांवर भरवसा ठेवावा का? मी मुलांना सांगितले, की आकड्याच्या हिशेबावर ठेवा. पण चित्रपट पाहायचा की नाही, हे त्या आकड्याला विचारू नका. त्या आकड्यावर बोट दाबले की खाली समीक्षकांची नावे येतात. त्यांतले दोन लेख वाचा, एक स्तुतीचा आणि एक निंदेचा. निंदा करणारा कशावर रागावला आहे ते पाहा. तो मारामारीवर रागावला असेल आणि तुम्हांला मारामारीच आवडत असेल, तर त्याची निंदा ही तुमच्यासाठी शिफारसच झाली!

मुलांना ही कल्पना आवडली. सुट्टीनंतर त्यांनी वर्गाच्या भित्तिपत्रकावर चित्रपट-परीक्षणाचा एक कोपरा सुरू केला. मराठीतच लिहायचे, अशी अट मी घातली. दुसरी अट मुलांनीच घातली: लिहिणाऱ्याने खाली आपले नाव लिहायचे, आणि तिकिटाचे पैसे कोणी दिले तेही लिहायचे. पहिल्याच आठवड्यात अडचण आली. एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, माझे मामू त्या टॉकीजमध्ये कँटीन चालवतात. मला फुकट सोडतात. मी लिहू की नको?"

वर्गात मोठा वाद झाला. निम्मी मुले म्हणाली, लिहू नये. निम्मी म्हणाली, लिहू दे, पण मामूंचे आधी सांगू दे. शेवटी दुसऱ्या बाजूची दोन मते जास्त झाली. त्याने पहिल्या ओळीत मामूंविषयी लिहिले, दुसऱ्या ओळीपासून चित्रपटाविषयी. नायकाचा अभिनय त्याला आवडला नव्हता, गाणी आवडली होती. कँटीनच्या समोशांचा त्याने एका शब्दानेही उल्लेख केला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, ते लिहिले असते, तर कोणी खरे मानले असते का?"